फौझियाबाईंचे चौदा महिने

प्रिय मंद्या,

सोमालियाच्या फौझिया यूसुफ हाजी आदान यांच्यावरचा तुझा मसुदा वाचला. दिवाळी अंकाचे संपादक तो आनंदाने छापतील, पण मला अर्ध्यावरच राग आला. ‘पहिली महिला परराष्ट्रमंत्री’ हे बिरुद पानोपानी आहे. त्या बाई खुर्चीवर बसून दिवसभर काय करत होत्या, हे मात्र कुठेच नाही. 4 नोव्हेंबर 2012 ला नियुक्ती आणि जानेवारी 2014 मध्ये निरोप, म्हणजे सगळा मिळून चौदा महिन्यांचा कारभार. तो नीट उलगडलास तर बिरुदांची गरजच पडणार नाही.

आधी किरकोळ दुरुस्त्या. तू त्यांना ‘श्रीमती आदान’ म्हणतोस. सोमाली माणसाला आडनाव नसतं. फौझिया (सोमाली उच्चार फौसियो) हे त्यांचं नाव, यूसुफ वडिलांचं, हाजी आदान आजोबांचं. लग्नानंतर ते बदलत नाही. तेव्हा नुसतं फौझिया म्हणालास तरी चालेल. ‘आदान’ म्हणालास तर आजोबांना हाक मारल्यासारखं होईल. दुसरं म्हणजे ‘पहिली’ हा शब्द जपून वापर. एडना आदान इस्माईल या नर्स-सुईण बाई 2003 ते 2006 सोमालीलँडच्या, म्हणजे सोमालियातून स्वतःहून वेगळ्या झालेल्या उत्तरेकडच्या भागाच्या, परराष्ट्रमंत्री होत्या. त्या सरकारला तेव्हा जगात कुणाचीच मान्यता नव्हती, म्हणून राजधानीतल्या, म्हणजे ‘मोगादिशूच्या सरकारातल्या पहिल्या’ असं लिही, नाहीतर एखादा जाणकार वाचक पत्र पाठवून तुला उघडं पाडेल.

आता मंत्रिमंडळ. पंतप्रधान अब्दी फराह शिर्दोन यांनी अवघे दहा मंत्री घेतले. त्यात स्त्रिया दोन, फौझिया आणि मरियम कासिम. जुनी खाती एकमेकांत कोंबल्यामुळे फौझियांकडे उपपंतप्रधानपद, परराष्ट्र व्यवहार आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य असं सगळं एकदम आलं. दहाच जणांचं मंत्रिमंडळ सुटसुटीत दिसतं, पण ज्या भावकीच्या पदरात काही पडलं नाही ती पहिल्या दिवसापासून विरोधात बसते. कारण तिथला सगळा हिशेब साडेचारचा आहे. दारोद, हाविये, दिर आणि दिगिल-मिरिफ्ले या चार मोठ्या कुळांना समान वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून, एक पाचवं कूळ धरून, अर्धा. हे सूत्र 2000 साली जिबुतीतल्या आर्ता इथल्या परिषदेत रुळलं. त्याच परिषदेत आशा हाजी एल्मी यांनी स्त्रियांचं ‘सहावं कूळ’ उभं केलं आणि त्या कुळाच्या नावाने टेबलाशी जागा मागितली. या आशाताई म्हणजे शिर्दोन यांच्या पत्नी. हा धागा तुझ्या लेखात नाही, तो घाल.

स्त्रियांना जागा द्यायला कुळातले वडीलधारे का कचरतात, तेही दोन ओळींत सांग. मुलगी जन्मते वडिलांच्या कुळात आणि नांदते नवऱ्याच्या. तिला जागा दिली तर आपला वाटा व्याह्यांच्या घरात जाईल, ही भीती असते. धर्म आणि परंपरा यांवर तू जे दीड पान लिहिलंयस त्यापेक्षा हे कारण जास्त खरं आहे.

फौझियांच्या टेबलावर काय आलं ते आता क्रमाने पाहू. 17 जानेवारी 2013 ला अमेरिकेने सोमालियाच्या सरकारला, 1991 मध्ये तिथली सत्ता कोसळल्यानंतर प्रथमच, मान्यता दिली. तू इथे ‘आणि मदतीचा ओघ सुरू झाला’ असं लिहिलंयस. तसं होत नाही, बाबा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 12 एप्रिलला मान्यता दिली आणि त्याच दमात सांगितलं की जुनी थकबाकी सुमारे 35 कोटी 20 लाख डॉलर आहे, ती फिटेपर्यंत कर्ज मिळणार नाही. म्हणजे सल्ला आणि प्रशिक्षण मिळेल, पैसा नाही. ती गाठ सुटायला 2020 उजाडलं आणि कर्जमाफीची प्रक्रिया पूर्ण व्हायला डिसेंबर 2023. सप्टेंबर 2013 मध्ये ब्रुसेल्सला 1.8 अब्ज युरोंची आश्वासनं मिळाली, पण आश्वासनाचा आकडा आणि तिजोरीत पडलेला आकडा एकाच वाक्यात लिहू नकोस.

शस्त्रबंदीचंही तसंच. 1992 पासूनची बंदी सुरक्षा परिषदेने 6 मार्च 2013 ला ठराव 2093 ने बारा महिन्यांसाठी अंशतः उठवली. विमानविरोधी क्षेपणास्त्रं आणि 12.7 मिलिमीटरपेक्षा रुंद नळीच्या तोफा तरीही बंदच राहिल्या, आणि हलक्या शस्त्रांची प्रत्येक खेप येण्याआधी किमान पाच दिवस परिषदेच्या निर्बंध समितीला कळवणं भाग होतं. काय, किती आणि कुणासाठी, हा तपशील वेळेवर धाडायचा म्हणजे मोगादिशूतल्या शस्त्रागारात नोंदवही असायला हवी. ती धड नसली की न्यूयॉर्कला दिलेला शब्द खोटा पडतो आणि पुढल्या मुदतवाढीच्या वेळी त्याची किंमत मोजावी लागते. बंदी पुरती उठली ती 1 डिसेंबर 2023 ला.

आता मुख्य गोष्ट, समुद्राची. लेखाचा निम्मा भाग इथे खर्च कर. तारखा जरा सावकाश वाच.

सोमालियाच्या 1972 च्या कायद्यात प्रादेशिक समुद्र तब्बल 200 सागरी मैलांचा धरला होता. आंतरराष्ट्रीय सागरी कायदा देतो 12, आणि त्यापुढे 200 पर्यंतचं आर्थिक क्षेत्र (फक्त मासे, खनिजं यांवरच्या हक्कापुरतं) ही वेगळी बाब. 1989 मध्ये सोमालियाने तो करार मान्य केला, पण घरचा कायदा तसाच पडून राहिला. मग 2009 आलं. खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राखाली पसरलेल्या जमिनीच्या, बाह्य सीमेचे दावे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडे द्यायची मुदत मे महिन्यात संपणार होती. त्या घाईत 7 एप्रिलला नैरोबीत सोमालियाच्या नियोजन व आंतरराष्ट्रीय सहकार्य मंत्र्यांनी केनियाशी सामंजस्य करार केला. एकमेकांच्या दाव्यांना हरकत घ्यायची नाही, एवढाच त्याचा गाभा. मोगादिशूत बोंब उठली की समुद्र विकला, आणि ऑगस्टमध्ये संसदेने करार फेटाळला.

हा निखारा फौझियांच्या ओटीत आला. 31 मे 2013 ला केनियाच्या परराष्ट्रमंत्री अमीना मोहम्मद यांच्यासोबत त्यांनी संयुक्त निवेदनावर सही केली. सागरी सीमा आखायची कशी, त्याची चौकट ठरवू, असा एक परिच्छेद त्यात होता. अमीनाबाई स्वतः केनियातल्या सोमाली, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना सोमाली स्त्रिया! तुझ्या लेखाला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही. आठवडा उलटायच्या आत सोमालियाच्या मंत्रिमंडळाने जाहीर केलं की सागरी सीमेबाबत कुणाशीही नव्याने चर्चा सुरू करणं उचित वाटत नाही. उपपंतप्रधानांची सही त्यांच्याच मंत्रिमंडळाने खाली पाडली.

चुकलं कुठे? माझ्या मते त्यांनी लिहिलेलं वावगं नव्हतं. शेजाऱ्याशी सीमा ठरलेली नसेल तर आधी बोलणी करावी लागतात, सागरी कायदाही तेच सांगतो. पण 2009 ची जखम ओली असताना तो परिच्छेद आधी मंत्रिमंडळात वाचून घ्यायला हवा होता. शिवाय त्याच मे महिन्यात किस्मायो बंदरात अहमद मादोबे यांनी केनियाच्या सीमेला लागून असलेल्या जुबालँड प्रदेशाचं अध्यक्षपद घेतलं होतं आणि केनियाचं सैन्य त्यांच्या पाठीशी असल्याचा संशय राजधानीत सगळ्यांना होता. अशा वेळी केनियासोबतच्या कागदावर ‘सीमा’ हा शब्द दिसला की मजकूर कोण वाचतो?

आता गंमत बघ. मार्च आणि जुलै 2014 मध्ये दोन्ही देशांत बोलणी झालीच, म्हणजे फौझियांनी लिहिलं होतं तेच, त्या गेल्यावर. मध्येच 30 जूनला सोमालियाने रीतसर आर्थिक क्षेत्र जाहीर केलं. 25 आणि 26 ऑगस्टच्या फेरीला केनियाचं शिष्टमंडळ मोगादिशूला फिरकलं नाही, आणि 28 ऑगस्टला सोमालियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा ठोकला. 2017 मध्ये न्यायालयाने प्राथमिक हरकतींवर निकाल देताना म्हटलं की 2009 चा तो करार वैध आहे. संसदेने फेटाळला तरी सही झाली त्या क्षणी तो लागू झाला. खटला चालवायला मात्र त्याची आडकाठी नाही. 12 ऑक्टोबर 2021 च्या अंतिम निकालात अक्षांशाला समांतर रेषेचा केनियाचा दावा फेटाळला गेला, आणि समदूर रेषा (दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची) किंचित उत्तरेकडे सरकवून सीमा ठरली. वादातला बहुतेक पट्टा सोमालियाकडे आला. केनियाने निकाल मानत नसल्याचं सांगितलं, ते वेगळं.

मंत्र्याची सही घरात आठवडाभर टिकत नाही आणि परदेशात ती देशाला बांधून टाकते, हा पेच या एका प्रकरणात मावतो. म्हणून जुबालँड, सीमा, न्यायालय असे तीन वेगळे परिच्छेद पाडू नकोस, एका दमात लिही.

सोमालीलँडचं प्रकरण थोडक्यात घे. फौझिया हरगेसाच्या, म्हणजे सोमालीलँडच्या राजधानीतल्या. तिथल्या विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि एके काळी त्यांनी तिथेच पक्षही काढला होता. त्या मोगादिशूच्या मंत्रिमंडळात बसल्या, हे हरगेसात अनेकांना फितुरीसारखं वाटलं. एप्रिल 2013 मध्ये अंकाऱ्यात आणि जुलैमध्ये इस्तंबूलमध्ये दोन्ही सरकारांची बोलणी झाली. जुलैत हवाई क्षेत्राच्या नियंत्रणासाठी हरगेसात संयुक्त मंडळ नेमायचं ठरलं, आणि ते कागदावरच राहिलं. पुढे 2015 च्या सुरुवातीला तर सोमालियाच्या शिष्टमंडळात मूळचे उत्तरेकडचे लोक आहेत म्हणून सोमालीलँडने हरकत घेतली आणि बोलणी मोडली. उत्तरेतला चेहरा मोगादिशूला शोभेचा वाटतो. समोरच्याला तोच सर्वांत जास्त खुपतो.

शेवट कसा झाला? राष्ट्राध्यक्ष हसन शेख मोहमूद आणि शिर्दोन यांचं बिनसलं, 2 डिसेंबर 2013 ला संसदेने 184 विरुद्ध 65 मतांनी पंतप्रधानांवर अविश्वास दाखवला. पंतप्रधान गेला की सगळं मंत्रिमंडळ जातं. नव्या पंतप्रधानांनी 25 मंत्री घेतले, स्त्रिया पुन्हा दोनच. फौझियांना कुणी कामगिरीवरून काढलं नाही, त्या लाटेत गेल्या. तू ‘हकालपट्टी’ लिहिलंयस, ते काढ.

त्यानंतरचं एका परिच्छेदात आटप. संसदेत 30 टक्के स्त्रिया हव्यात असं ठरलं होतं; 2016-17 मध्ये प्रमाण सुमारे 24 टक्के झालं आणि पुढच्या खेपेला आणखी घसरलं. 15 मे 2022 ला मोगादिशूच्या विमानतळावरच्या एका हँगरमध्ये खासदारांनी राष्ट्राध्यक्ष निवडला. उमेदवारांच्या त्या भल्यामोठ्या यादीत स्त्री एकच, फौझिया. पहिल्याच फेरीत त्या बाद झाल्या. मतदार होते खासदार, आणि खासदार निवडून येतात ते कुळांच्या वाट्यातून, हे आधी सांगितलं असलंस तर इथे वेगळं स्पष्टीकरण लागणार नाही.

एक जाता जाता: आपल्या वाचकाला सोमालिया म्हणजे मुंबईच्या कोर्टात उभे केलेले चाचे, एवढंच ठाऊक असतं. 2011 मध्ये आपल्या नौदलाने शंभराहून अधिक जणांना पकडून आणलं होतं. सुरुवात तिथून करायचा मोह होईल, पण करू नकोस. समुद्राच्या प्रकरणात एका ओळीत येऊ दे. आणि फोटो निवडताना सोमालियावरच्या लंडन परिषदेतला नेत्यांचा घोळका टाळ, त्यात बाई सापडतच नाहीत.

सुधारलेला मसुदा पाठव, तारखा पुन्हा एकदा तपासून देतो.

तुझा,
अवि