शुभाला, रिंजानीहून आल्यावर

नाशिक, रविवार

प्रिय शुभे,

तब्येत बरी आहे. गुडघा सुजला होता, आता उतरला. बीपीची गोळी चालू आहे. तब्येतीचं एवढंच.

रिंजानीला, इंडोनेशियातल्या त्या ज्वालामुखीच्या डोंगराला, जाऊन आले. नंदाच्या नोटेवरचं तळं पाहिलं. तुला न सांगता गेले, आठ महिने फोनही केला नाही, त्यामुळे तू रागावणार हे ठाऊक आहे. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. यात हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचंही आहे आणि ते मी सव्वीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. माहीत होतं ते फक्त नंदाला.

नोट माझ्याकडे कशी आली ते आधी सांगते. नंदाच्या वर्षश्राद्धाला आपण दोघी पुन्हा त्याच जुन्या विषयावर भांडलो आणि तू तडक स्टेशन गाठलंस. त्यानंतर काकूंनी मला आत बोलावलं आणि तिची कंपासपेटी हातात दिली. आत तीच दहा हजार रुपियाची नोट, तशीच चौघडी घातलेली. तिच्या मामांनी बोटीवरून आणलेली. पुढे डचांशी लढलेली ती आचे प्रांतातली अंबाडा घातलेली बाई आणि मागे रिंजानीवरचं आपलं तळं, सगारा अनाक. हॉस्टेलवर आपण ती उशीखाली आळीपाळीनं ठेवायचो, आठवतं? "सगारा म्हणजे आपला सागरच गं, आणि अनाक म्हणजे लेकरू. सागराचं लेकरू," असं नंदा सांगायची, आणि तू म्हणायचीस की मग हे लेकरू आपणच दत्तक घेऊ.

मुक्ताला नोट दाखवली आणि तिनं सिंगापूरहून पुढच्याच आठवड्यात तिकिटांचं बघायला घेतलं. मग दोन महिने फोनवर एकच विषय, कुठल्या वाटेनं चढायचं.

तुला वाटा सांगायलाच हव्यात, कारण नकाशा पुढ्यात पसरल्याशिवाय तुझं ऐकण्यात लक्ष लागत नाही. लोंबोक बेटाच्या पूर्वेकडून सेंबालुनची वाट. गावच साधारण साडेअकराशे मीटरवर आहे, त्यामुळे चढ कमी. पण सगळं उघडं गवताळ रान, डोक्यावर ऊन, आणि शेवटी एकामागून एक टेकड्या. एक चढून जावं तर पुढे दुसरी. तिथले लोक त्यांना पश्चात्तापाच्या सात टेकड्या म्हणतात. त्या संपल्या की ज्वालामुखीच्या विवराचा काठ येतो, 2,639 मीटरवर. तिथे मुक्काम करायचा आणि रात्री दोनला शिखराकडे निघायचं, 3,726 मीटर. म्हणजे अजून अकराशे मीटर, तेही सगळं भुसभुशीत राखेच्या खडीवरून. दोन पावलं टाकावीत तर एक मागे सरकतं.

उत्तरेकडून सेनारूची वाट. ती सहाशे मीटरवरून सुरू होते, म्हणजे काठापर्यंत दोन हजार मीटरचा चढ. मात्र जवळजवळ सगळी वाट गर्द झाडीतून. शिखर या वाटेवर नाही. पण काठावर पोचलं की तळं समोर, थेट. तिसरी तोरेआनची वाट नदीच्या घळीतून आत शिरते आणि काठ न चढता तळ्यापाशी नेते. शिड्या, दोर, आणि वरून दगड येण्याची भीती.

मुक्ताला शिखर हवं होतं, मला तळं. ती म्हणायची, "आई, एवढं लांब जाऊन शिखर सोडायचं?" मी म्हणायचे, "नंदाच्या नोटेवर शिखर नाहीये." 2025 च्या जूनमध्ये शिखराच्या त्याच वाटेवरून एक मुलगी दरीत पडून गेली. बातमी वाचल्यापासून तिच्या आईवडिलांचा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. तोंडात शब्द आला होता की सेंबालुन नको, आपण दोघी सेनारूनंच जाऊ. तेवढ्यात तुझं वाक्य आठवलं. कोकणकड्यावर त्या सकाळी तू म्हणाली होतीस, "वाट स्वतःपुरती निवडायची असेल तर एकटीनं जायचं." इतकी वर्षं मी ते वाक्य तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. या वेळी पहिल्यांदा त्यावर नीट विचार केला.

शेवटी आम्ही वाटा वाटून घेतल्या. ती एका गटाबरोबर सेंबालुनहून, मी वेगळा वाटाड्या घेऊन सेनारूहून. पहिली रात्र दोघी आपापल्या काठावर. दुसऱ्या पहाटे तिचं शिखर होईल, मी खाली तळ्यावर उतरेन, दुपारी तिथे भेटायचं, आणि तिसऱ्या दिवशी मिळून तोरेआनच्या वाटेनं बाहेर. ह्यांनी कपाळावर हात मारला. खर्चही दुप्पट झाला. पण मुक्ता खूश झाली आणि मीही.

सेनारूच्या जंगलाचं फार लिहीत नाही. मुळांच्या पायऱ्या, ओल, दमट अंधार, तासन्‌तास तेच. हमाल मात्र बघत राहावेत असे. बांबूच्या दोन टोकांना दोन करंड्या, आणि तो बांबू खांद्यावर. शुभे, ती कावड! अगदी आपली कावड. त्यात तंबू, पाणी, तांदूळ, अंडी, आणि पायात साध्या रबरी चपला. आमच्या पुढचा माणूस खांदा बदलताना थांबतही नव्हता, मान जराशी खाली घालून बांबू मानेवरून या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकवायचा. उजव्या खांद्यावर त्याला लिंबाएवढा घट्टा पडला होता.

आणि त्या डोंगराची देवता कोण माहीत आहे? देवी अंजनी! तिकडचे ससाक लोक मानतात की देवी अंजानी शिखरावर राहते. वाटाड्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला आपल्या अंजनेरीचं सांगितलं, की आमच्या गावाजवळही अंजनीचा डोंगर आहे आणि त्यावरही एक तळं आहे. त्याला इतका आनंद झाला की पुढच्या मुक्कामावर त्यानं ते सगळ्यांना सांगितलं आणि मला केळ्याची गरम भजी जास्तीची मिळाली. काठावर माकडंही होती, अगदी अंजनेरीच्या माकडांसारखी. एकानं माझ्या हातातलं बिस्किट नेलं. तुझं मागे मंदिरापाशी आख्खं थालीपीठ नेलं होतं आणि तू त्याच्याशी शुद्ध मराठीत वाद घातला होतास, ते आठवून मी एकटीच हसत बसले.

तळं दिसलं तेव्हा ऊन कललं होतं. नोटेवर ते हाताच्या पंजात मावतं. प्रत्यक्षात खाली सहाशे मीटरवर निळंशार पाणी, दोनशे मीटरहून खोल, आणि त्याच्या कडेतून वर आलेला बारुजारी हा छोटा ज्वालामुखी, काळा, बोडका, ताज्या लाव्ह्याच्या जिभा पाण्यात गेलेल्या. 2015 मध्ये याच्याच राखेनं बालीचा विमानतळ बंद पाडला होता. नंदा असती तर तिथेच वर्ग भरवला असता. आपला सह्याद्री थरावर थर पसरत गेलेला, आणि हा डोंगर 1257 मध्ये फुटला. त्याचा जोडीदार समालास फुटून कोसळला आणि त्या खळग्यात हे तळं साचलं. पामातन नावाचं नगर गाडलं गेल्याचं लोंबोकच्या जुन्या ताडपत्रांवर लिहिलेलं होतंच. ध्रुवांकडच्या बर्फात सापडलेली गंधकाची खूण याच डोंगराची, हे शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवून दिलं. तेव्हा नंदानं रात्री साडेदहाला मला फोन केला होता. तुलाही केला असणार. आणि हो, लोणार उल्केचं आहे, ज्वालामुखीचं नाही. तू आजही मान्य करणार नाहीस, पण नंदाच्या वतीनं पुन्हा सांगते.

आता रात्रीचं.

आठला थंडी इतकी वाढली की सगळे तंबूत गेले. मला झोप लागली नाही. दोन वाजता बाहेर येऊन बसले. तिथले दोन म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा. तू जागी असशील, इंदूरला तुझी निजानीज कधी बाराच्या आत होते? समोर, तळ्याच्या पलीकडे, शिखराचा काळा आकार. त्याच्या पाठीवर मुक्ता चढत असणार. मी नजर ताणून बसले. बराच वेळ काही नाही. मग उजेडाचे अगदी बारीक ठिपके दिसले. एक, दोन, मग सहा-सात, सुईच्या नाकाएवढे. ते चालत आहेत की माझ्या डोळ्यांना पाणी आलंय म्हणून हलतात, कळेना. मी मोजत राहिले. सात. पुन्हा सात. मग सहा. सातवा दिसेना. शुभे, तो सातवा ठिपका पुन्हा दिसेपर्यंत जी पाचदहा मिनिटं गेली, त्यात मी काय काय कबूल केलं असेल ते तुला सांगता येणार नाही. एखादा दगड आड आला असेल, कुणी वळून उभं राहिलं असेल. नंतर सातही दिसले. पण त्या वेळात मला तू दिसलीस. कोकणकड्याच्या काठावर पोटावर आडवी पडून खाली नळीत बघणारी.

आता सांगते. त्या रात्री आमच्याकडे बॅटरी होती. सेल गेले होते असं मी तुला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं होतं. नंदाचा पाय मुरगळल्यावर आम्ही नळीतल्या त्या मोठ्या धोंड्याच्या आडोशाला बसलो. बॅटरी व्यवस्थित चालू होती. तिच्याच उजेडात नंदानं कंपासपेटी उघडून नोट काढली आणि आपण तिघी तिथे जाऊ असं म्हणाली. तिथून कड्याचा काठ वर दिसत होता. नंदा म्हणाली, "वर दाखव गं, शुभा पाचनईच्या सोप्या वाटेनं पोचली असेल, बघत असेल." मी म्हटलं, "बघू दे." तू नळीची वाट मूर्खपणाची म्हणाली होतीस, सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, आणि मला तुझ्यापुढे अडकलेली दिसायचं नव्हतं. नंदानं दोनदा सांगितलं. मग मी बॅटरी बंदच करून टाकली.

तू रात्रभर बघत होतीस. सकाळी बेलपाड्याचा तो दादा आम्हाला घेऊन वर आला, तेव्हा तुझे डोळे सुजलेले होते आणि आमच्यासाठी पातेल्यात झाकून ठेवलेली खिचडी दगडासारखी झाली होती. तू मला बोललीस आणि मी तुला सगळ्यांसमोर भित्री म्हटलं. नंदा गप्प राहिली. शेवटपर्यंत गप्प राहिली. मला वाचवण्यासाठी तिनं ते केलं आणि मी तिला तसं करू दिलं. वर्षश्राद्धाच्या दिवशी तू पुन्हा म्हणालीस, "तेव्हा निदान सेल तरी तपासायचे होतेस." तेव्हाही खरं बोलता आलं असतं. उलट मीच आवाज चढवला.

मला माफ कर. याहून वेगळं मला लिहिता येत नाही.

मुक्ता दुपारी तळ्यावर आली ती राखेनं डोक्यापासून पायांपर्यंत काळी होऊन. बुटांतून मूठभर खडी काढली. मी तिला धरून इतकी रडले की ती घाबरली. तिला वाटलं माझा गुडघा गेला. आइक कालाकच्या गरम झऱ्यात पाय सोडून आम्ही तासभर बसलो. शेजारी स्थानिक माणसं गळ टाकून मासे धरत होती. सातव्या दिव्याचं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मीच असेन, बुटाची नाडी बांधायला खाली बसले होते." नाडी, शुभे!

बालीचे हिंदू या तळ्यात सोनं अर्पण करतात, त्या विधीला पकलेम म्हणतात. मला नोट पाण्यात सोडायची होती, नंदाच्या नावानं. काढली, पाण्याला लावली, एक कोपरा भिजला. मग सोडवेना. ती तिघींची आहे आणि तिसरी तिथे नव्हती.

तोरेआनच्या वाटेनं बाहेर आलो. घळ सुंदर आहे, नदीचं पाणी दुधासारखं, शिड्या उभ्या. 2018 च्या भूकंपात या डोंगरावर शेकडो लोक अडकले होते, त्या दरडींच्या खुणा अजून दिसतात. तिथे मी फार बोलले नाही, पायांकडे बघत उतरले.

तुझं काय? रोहनचं ठरलं ते मुक्ताकडून कळलं, मुलगी धारची आहे म्हणे. अण्णांचं मोतीबिंदूचं झालं का? तू बदलीचा अर्ज केला होतास त्याचं काय झालं? शाळेतली ती कटकटी बाई निवृत्त झाली असली तर पेढे माझ्याकडून.

नोट या पाकिटात आहे. वहीच्या कागदात गुंडाळली आहे, जपून उघड. भिजलेला कोपरा कडक झालाय, तिथून घडी मोडू नकोस. पत्राचं उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल. तू लिहिलं नाहीस तर दिवाळीनंतर मीच इंदूरला येईन, दार उघडशील की नाही ते तू ठरव.

तुझी,
वसू

ता. क. काकूंना बॅटरीचं अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं.