खातेउतारा वाचून देणाऱ्या काकांना

पुणे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आपण शिवाजीनगर कोर्टात जुन्या कर्जाचं समन्स घेऊन आलेल्यांचे कागद तपासून देता. कायदा वकील सांगतात, पण उताऱ्यातली एखादी जमा नोंद कुठून आली असेल हे बँकेत काम केलेल्यालाच कळतं. आपले जाहीर आभार मानायचे आहेत. आपण समजावलेलं इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून ते थोडं सविस्तर लिहितो.

समन्स आलं की माणूस घाबरून वसुलीवाल्याला फोन लावतो. आपण त्याला आधी समन्स कधी बजावलं ते विचारता. साध्या दाव्यात बजावणीपासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, कोर्ट कारण नोंदवून ती ९० दिवसांपर्यंत घेऊ शकतं. समरी दावा, म्हणजे झटपट निकालाचा दावा, असेल तर १० दिवसांत हजेरी लावावी लागते आणि बचावाची परवानगी पुढे वेगळी मागावी लागते. बेलीफाला दारातून परत पाठवून काही साधत नाही, समन्स नाकारलं तरी ते बजावलं असं कोर्ट धरू शकतं. मग दावा एकतर्फी चालतो आणि हुकूमनाम्यानंतर थेट दरखास्त, म्हणजे वसुलीची कारवाई, येते.

तारण नसलेल्या कर्जाचा दावा लावायला १९६३ च्या मुदत कायद्यानुसार साधारण ३ वर्षं मिळतात. दाव्यात ‘दाव्याचे कारण’ या परिच्छेदात बहुतेकदा शेवटच्या नोटिशीची तारीख ठळकपणे दिलेली असते. पण नोटीस पाठवल्याने कर्जदाराविरुद्धची मुदत नव्याने सुरू होत नाही. हप्ता कधी चुकला आणि सगळी रक्कम एकदम कधी मागितली, हे करार शेजारी ठेवून पाहावं लागतं. जामीनदाराचं गणित वेगळं आहे. मागणी केल्यावर पैसे देईन असं हमीपत्र असेल तर त्याची मुदत मागणीपासून मोजली जाऊ शकते.

करोनाकाळाची वजावट बरेच जण विसरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीत धरायचा नाही. म्हणजे १० जून २०१८ पासून मुदत धावत असेल तर ती जून २०२१ मध्ये संपत नाही, मे २०२३ च्या अखेरीपर्यंत जाते. जानेवारी २०२० मध्येच संपलेल्या मुदतीला मात्र या आदेशाने जीव येत नाही.

आपली खरी मदत होते ती उतारा वाचताना. हप्ते थांबल्यावर वर्ष-दीड वर्षाने पाचशे-हजार रुपयांची एकच रोख जमा दिसते आणि तिच्या आधाराने मुदत वाढल्याचं दाव्यात लिहिलेलं असतं. मुदत संपण्याआधी पैसे भरले तर नवी ३ वर्षं मिळतात हे खरं. पण त्यासाठी भरणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद लागते. म्हणून जमा पावती हजर करायला लावायची आणि उलटतपासात ती कोणी भरली ते विचारायचं. बँकेने आधी लावून स्वतःच परत वळतं केलेलं व्याज किंवा शुल्क जमेच्या रकान्यात आलं म्हणजे कर्जदाराने पैसे भरले असं होत नाही. उतारा संगणकाचा असेल तर त्यासोबत प्रमाणपत्र आहे का, हेही आपण पाहता.

दुसरी नजर सह्यांवर. कर्ज देतानाच देणं बाकी असल्याच्या कोऱ्या कबुलीपत्रावर सही घेऊन तारीख मागाहून घातलेली असू शकते, म्हणून मूळ कागद पाहिल्याशिवाय सही मान्य करायची नाही. आणि वसुलीवाला ‘सेटलमेंटच्या अर्जावर सही करा, व्याज माफ करतो’ म्हणाला तर थांबायचं. मुदत उलटल्यावर नुसते पैसे भरले तर मुदत परत सुरू होत नाही, पण देणं फेडीन असं लेखी वचन सही करून दिलं तर त्यावर नवा दावा चालतो. हा फरक फोनवर कोणी सांगत नाही.

कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर हस्तांतरणाचा करार आणि त्याच्या यादीत आपलं खातं आहे का, ते मागायचं. कैफियतीत प्रत्येक परिच्छेदाला वेगळं उत्तर द्यायचं, कारण स्पष्टपणे न नाकारलेलं मान्य धरलं जातं. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना आपण त्याच आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवता. महिलांना तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे अनेकींना आपल्याकडूनच कळलं.

आणखी एका गोष्टीसाठी आपल्याबद्दल फार आदर वाटतो. देणं मुदतीत असेल तर ‘तुमचं देणं लागतं’ असं आपण तोंडावर सांगता. मग लोक अदालतीत जाण्याआधी तडजोडीची रक्कम, हप्त्यांच्या तारखा, एक हप्ता चुकला तर काय होईल आणि ‘नो ड्यूज’ दाखला कधी मिळेल, हे सगळं लिहून घ्यायला लावता, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तो कागद सही होण्याआधी आपण ओळ न ओळ वाचून देता, त्याबद्दल मनापासून धन्यवाद.

आपले नम्र,
कर्जदारांच्या कागदपत्रांचं काम करणारे आम्ही सगळे