‘उत्तर पाठवू नये’ असं लिहिणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमच्या पोस्टकार्डातली शेवटची ओळ मी इतके दिवस पाळली. आता मूठ मिटते, पेन धरता येतं, आणि मनात साठलेलं तसंच ठेवणं काही जमत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, ते छापत नाही. पण नागपुरातल्या महाल नि इतवारी भागांत ज्यांच्या दारात तुम्ही त्या दिवसांत जाऊन उभे राहिलात, ते तुम्हाला ओळखतीलच. त्याला माझा इलाज नाही.

इतरांना थोडं सांगायला हवं. मी दर शुक्रवारी जुन्या नागपूरवर एक लेख लिहिते आणि त्यासाठी वाचकांकडून वर्षाची वर्गणी घेते. बहुतेकांना लेख मोबाईलवर जातो, काही ज्येष्ठ वाचकांना छापील प्रत पोस्टाने. काका त्या छापील प्रतीवाल्यांपैकी. 2024 च्या पावसाळ्यात नागपुरात चिकनगुनियाने घरंच्या घरं आडवी केली, त्यात मीही होते. आमच्या गल्लीत उन्हाळ्यानंतर कूलर कुणी उतरवत नाही, टाकीत पाणी तसंच राहतं, आणि हा आजार पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच वाढतो, चावतोही दिवसाढवळ्या. पालिकेची माणसं येऊन टाक्या उपडी करून गेली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

ताप चार-पाच दिवसांत उतरला. सांध्यांनी मात्र सोडलं नाही. सकाळी उठले की बोटं वाकत नसत. टूथपेस्टचं टोपण दोन्ही तळव्यांत धरून फिरवायचं, तेही दात आवळून. ब्लाऊजचे हुक जाऊबाई लावून द्यायच्या. मोबाईलच्या काचेवर अंगठा टेकवला तरी मनगटापर्यंत कळ जायची. या आजारावर वेगळं असं औषध नाही. ताप आणि दुखणं कमी करायचं, पाणी पीत राहायचं, पडून राहायचं. डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत डॉक्टर जोराच्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा देत नाहीत, कारण डेंग्यू असला तर त्यांनी रक्तस्राव व्हायची भीती. तेव्हा पॅरासिटामॉल घ्यायची आणि सोसायचं.

पहिल्याच शुक्रवारी भाचीकडून सगळ्या वर्गणीदारांना निरोप धाडला होता: लेखिका आजारी आहेत, लेख थांबले आहेत, जितके आठवडे चुकतील तितकी वर्गणी पुढे वाढेल. त्यावर फोन आले, निरोप आले. बहुतेक मायेचेच होते, हे मी आधी सांगते. पण आजारी माणसाला मायेचे निरोप लक्षात राहत नाहीत हो, दुसरेच राहतात. ‘पैसे घेताना बऱ्या होत्या.’ ‘मोठा नको, छोटा तरी पाठवा.’ ‘आता बोललं की फोन आपोआप टाईप करतो, तेवढं तर जमेल.’ एका गृहस्थांनी भाचीला तपासणीचा रिपोर्ट पाठवायला सांगितलं. तो निरोप तिने माझ्यापासून लपवला होता, मला नंतर कळलं. मी त्या दिवशी रडले. पैसे मागितले असते तर वाईट वाटलं नसतं. मी खोटं बोलतेय असं कुणाला तरी वाटलं, ते लागलं.

त्यातच पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई नि वाईट ते सगळं शहराबाहेर न्यायला काढतात ती मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असं सांगतात. या दोघींवर लिहायचं मी कित्येक महिने ठरवून ठेवलं होतं, टिपणं तयार होती, इतवारीतल्या जुन्या माणसांशी बोलून झालं होतं. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ हा गजर कुणाच्या तरी मोबाईलमधून ऐकू आला. मी पलंगावर होते. वाचक त्या लेखाची वाट बघत होते, हे मला ठाऊक होतं. लिहिणाऱ्याला कधी विसरता येत नाही की कुणीतरी वाट बघतंय.

त्याच आठवड्यात तुमचं कार्ड आलं.

काका, ते कार्ड मी पुन्हा पुन्हा वाचलंय. निळी शाई. प्रत्येक अक्षर सुटं, दोन शब्दांमधली जागा सगळीकडे सारखी, डावीकडचा समास सरळ रेषेत. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवलेल्या माणसाचं ते अक्षर आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मजकूर एवढाच: ‘ताई, चिकनगुनिया झाल्याचे कळले. मला 2006 च्या साथीत झाला होता. तीन महिने शर्टाची बटणे सून लावून देत असे. सांधे वेळ घेतात, पण सुटतात. लेखाची घाई नाही. या कार्डास उत्तर पाठवू नये, बोटांना त्रास होईल.’

लवकर बऱ्या व्हा असं मला शेकडो जणांनी सांगितलं असेल. ते सांगताना त्यांची माया खरीच होती. पण प्रत्येक निरोपाखाली ‘कशा आहात, कळवा’ असायचं. प्रत्येकाला मी काहीतरी लिहून कळवायचं होतं आणि माझ्याकडे तेवढंच तर उरलं नव्हतं. उत्तरं तुंबत गेली. कुणाला उत्तर दिलं नाही तर तो रागावेल, वर्गणी मोडेल, ही धास्ती रात्री झोपू देत नसे. तुम्ही एकट्यानेच माझ्याकडून काहीही मागितलं नाहीत. बोटं कशी असतात या दुखण्यात, हे तुम्हाला स्वतःच्या हातावरून ठाऊक होतं, आणि अठरा वर्षांनी ते आठवून तुम्ही दुसऱ्याच्या बोटांचा विचार केलात. औषधाने नाही आली तशी झोप मला त्या रात्री आली. हे मी वाढवून सांगत नाही.

हे इतकं का भिडलं, त्यामागे एक जुनी जखम आहे, तीही सांगते. वर्गणीवर लिहू लागण्याआधी मी एका दैनिकात सदर लिहीत असे. वर्षानुवर्षं लिहिलं, एकही आठवडा चुकवला नाही. पुढे माझं ऑपरेशन ठरलं. आधी कळवलं होतं, दोन लेख लिहूनही दिले होते. घरी आले, टाके ओले होते, आणि माझ्या जागेवर दुसऱ्याचं नाव छापून आलं. कुणाचा फोन नाही. मीच विचारलं तेव्हा ‘जागा भरली’ एवढं सांगण्यात आलं. त्या दैनिकाचं नाव मला इथे घ्यायचं नाही. नोकरीतल्या पत्रकाराला 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने आजारपणाची रजा दिली. बाहेरून सदर लिहिणाऱ्याला ती कधीच नव्हती. त्याला रजा द्यायची ती माणसांनीच, मनाने. तिथे ती कुणी दिली नाही. अक्षरशः शेजारच्या टेबलावर बसून ज्यांनी माझ्या हातचा चिवडा खाल्ला, त्यांनीसुद्धा नाही.

आपल्याकडे आजारपणात लिहिणाऱ्याचं फार कौतुक होतं. आगरकरांना दमा होता, तरी ‘सुधारक’ सोडला नाही, आणि 1895 मध्ये चाळिशीही न गाठता ते गेले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ही गोष्ट आपण शाळेपासून ज्या सुरात ऐकतो, त्याने एक समज घट्ट बसतो की खरा लेखक तो, जो अंथरुणावरूनही लिहितो. जो थांबला तो कच्चा. मला हे पटत नाही. यशोदाबाई आगरकर सदतीस-अडतीस वर्षांच्या नवऱ्याचं दुखणं कसं बघत असतील, याचा विचार त्या कौतुकात कुठेच नसतो.

पुढे तुम्ही घरी आलात. व्हरांड्यातच बसलात, चहा नको म्हणालात, आणि पहिल्यांदा मला कळलं की तुम्ही कंपोझिटर होता. तुम्ही सांगितलेलं मी विसरणार नाही: ‘मॅटर आलं नाही की आम्ही जाहिरातीचा ब्लॉक टाकून मोकळे व्हायचो जी. लिहिणाऱ्याले काय झालं, हे कोणी इचारत नसे. मीही नाही इचारलं.’ मग तुम्ही विचारलंत, छापील प्रतवाले मोबाईल बघत नाहीत, त्यांना निरोप पोचला का? पोचला नव्हता. भाचीने पत्रं टाकली होती, पण पावसात कुठली कुठे गेली कोण जाणे. तुम्ही यादी घेतलीत आणि निघालात.

त्यानंतर तुम्ही काय काय केलंत ते इथे मांडत बसत नाही, तुम्हालाच आवडणार नाही. एवढं सांगते की सत्तरी ओलांडलेला माणूस सायकल हातात धरून चिटणवीसपुऱ्यापासून इतवारीपर्यंत दारोदार गेला आणि प्रत्येकाला बसून सांगितलं की बाई आजारी आहेत, लेख येतील, पण आत्ता नाही. ज्यांना पैसे परत हवे होते त्यांचे पैसे माझ्याकडून पाकिटात घालून नेऊन दिले, पावती घेतली, आणि त्यांच्याबद्दल माझ्यापाशी एक वावगा शब्द काढला नाहीत. मी चिडून काही बोलले तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. ‘वर्गणी भरली म्हणजे त्यांचा हक्क आहे, ताई. पेन्शनीतून भरतात. मागितले तर राग नका धरू.’ त्या रिपोर्टवाल्याची गोष्ट ऐकल्यावर मात्र तुमचा चेहरा बदलला. तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत, आणि मग म्हणालात, ‘हे नाही बरं केलं त्यांनी.’

मला त्या एका वाक्याने फार आधार दिला, आणि मी काय मागू शकते आणि वाचक काय मागू शकतो, हेही तिथेच स्पष्ट झालं. वर्गणीदाराला लेख मागायचा हक्क आहे. लेख येणार नसेल तर वेळेत कळवलं जावं, हाही हक्क आहे. चुकलेले आठवडे पुढे मिळावेत, नको असेल तर पैसे परत मिळावेत, यात काहीच गैर नाही, आणि यापुढे मी हे पावतीवरच छापणार आहे. पण दुखणं खरं आहे हे सिद्ध करून दाखवा, किंवा दुखत असेल तर थोडंसंच दुखवून घेऊन आमच्यापुरतं लिहा, हे वर्गणीच्या सहाशे रुपयांत येत नाही. सहा हजारांतही येणार नाही. लेख विकत घेता येतो, लिहिणारीचं मनगट नाही.

या शहराबद्दलही एक सांगावंसं वाटतं. नागपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला ठाऊक आहे, पंचेचाळीस अंशांत रस्त्याच्या कडेला कुणी तरी रांजण भरून, लाल ओलं फडकं गुंडाळून ठेवलेलं असतं. कुणी ठेवलं, कळत नाही. पिणारा कोण, हे ठेवणाऱ्याला कळत नाही. तुमचं कार्ड त्या पाणपोईसारखं होतं, काका. अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. माझ्या जाऊबाईंनी दोन महिने स्वतःची कामं सांभाळून माझ्या हातापायांना कोमट तेल लावलं. घरासमोरच्या दूधवाल्याने पिशवीची गाठ सुटी ठेवून दूध द्यायला सुरुवात केली, मी सांगितलंही नव्हतं. त्याला एकदाच दिसलं होतं की मला गाठ सुटत नाही. सुशिक्षित, पदवीधर, मोठमोठ्या हुद्द्यावरच्या वाचकांतल्या काहींना जे सुचलं नाही, ते या दोघांना आणि तुम्हाला न सांगता सुचलं. यावर मी पुष्कळ विचार केला, आणि मला वाटतं की ज्याने स्वतः कधी दुसऱ्याच्या हाताने बटणं लावून घेतली आहेत, त्याला ते लवकर दिसतं. आता मलाही दिसेल अशी आशा आहे.

तब्येत बरीच सुधारली आहे. थंडीत सकाळी अजून बोटं अवघडतात, गरम पाण्यात धरली की सुटतात. हे पत्र मी तीन बैठकांत, हाताने लिहिलं. भाची टाईप करून देत होती, पण तुम्हाला उद्देशून लिहायचं तर स्वतःच्या अक्षरात लिहावं असं वाटलं. मूळ कागद वेगळ्या पाकिटाने तुमच्या पत्त्यावर पाठवतेय. अक्षर पूर्वीसारखं नाही, समास वाकडा गेलाय.

येत्या शुक्रवारपासून लेख पुन्हा सुरू होतील. पहिला मारबतीचाच. ऋतू उलटून गेला तरी तोच आधी, कारण त्याची वाट बघणाऱ्यांची मी देणेकरी आहे. त्याचं प्रूफ बुधवारी तुमच्याकडे पाठवते. तुम्ही स्वतःहून म्हणालात म्हणून. ऱ्हस्व-दीर्घ नजरेखालून घाला आणि जगन्नाथ बुधवारीच्या मिरवणुकीबद्दल काही चुकलं असेल तर न भिता खोडा. आणि इतरांसारखे तुमच्याही वर्गणीत चुकलेले आठवडे पुढे वाढवले आहेत. तुम्ही नको म्हणालात, माहीत आहे. पण तुम्हीच शिकवलंत की तो वाचकाचा हक्क असतो.

काकूंना नमस्कार. सूनबाईंनाही माझा नमस्कार सांगा.

तुमची,
दर शुक्रवारची ताई
नागपूर