प्लास्टर निघालं म्हणून गोळी लगेच नको

सावंतवाडी

चि. सौ. मंजिरी हिस,
अनेक आशीर्वाद.

पायाचं प्लास्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. पाळी गेल्यावरच्या त्रासासाठीच्या इस्ट्रोजेनच्या, म्हणजे बायकांच्या हार्मोनच्या, गोळीबद्दल लिहितेस, "जुनी स्ट्रिप उरलीय, तीच चालू करते" हे मात्र नको.

पाय बांधलेला असला की पोटरीतलं रक्त साकळतं. त्यात पोटात घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. दोन्ही एकत्र आलं की शिरेत गाठ व्हायची भीती, म्हणून डॉक्टरांनी गोळी थांबवली. मोठं ऑपरेशन ठरलेलं असलं तरी चार ते सहा आठवडे आधी ती बंद करतात. परत सुरू करायची वेळ प्लास्टर निघण्यावर नाही; काठीशिवाय घर-अंगण मोकळेपणी चालायला लागलीस की मगच. तोवर एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर चोळत बसू नकोस, डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, करून घे.

डॉक्टरांना गोळीऐवजी इस्ट्रोजेनच्या जेलचं विचार. ते कातडीतून थेट रक्तात जातं, यकृताची फेरी टळते, आणि नेहमीच्या मात्रेत गाठीचा धोका वाढलेला दिसत नाही. 0.06 टक्के जेलच्या 2.5 ग्रॅममध्ये 1.5 मिलिग्रॅम इस्ट्राडायोल (हे इस्ट्रोजेनच) असतं. मध्ये खंड पडलाय, तेव्हा निम्म्यापासून, म्हणजे 1.25 ग्रॅमपासून सुरुवात बरी. एकदम पूर्ण मात्रेने स्तन दुखतात, डोकं धरतं. आंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं करून मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचं, स्तनांवर कधीच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर वाळत नाही, म्हणून पंख्याखाली पाच मिनिटं बस आणि मगच साडी नेस. तासभर पाणी नको, हात साबणाने धू, आणि नातवाला तेवढा वेळ मांडीवर घेऊ नकोस. त्यात अल्कोहोल असतं, लावून लगेच गॅसपाशी जायचं नाही.

तुझं गर्भाशय आहे, म्हणून प्रोजेस्टेरॉन हवंच: रोज रात्री झोपताना 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल. त्याने झोप येते, म्हणून सकाळी नाही. तालुक्याच्या मेडिकलात कॅप्सूल संपतात, कोल्हापूरहून येईपर्यंत बायका नुसतं जेल लावत राहतात. हे सगळ्यात वाईट. एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढत जातं, पुढे त्यात कॅन्सरही होऊ शकतो. गणपतीत हायवे तुंबतो, तेव्हा दोन्ही महिनाभर आधीच मागवून ठेव. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही.

सुरू करण्याआधी रक्तदाब, स्तनतपासणी आणि मॅमोग्राफी उरकून घे. या खंडात एकदा जरी अंगावरून लाल गेलं असेल तर आधी सोनोग्राफी, मग औषध. उभ्या उभ्या घसरून हाड मोडलंय, तेव्हा डेक्साही (हाडांच्या घनतेची तपासणी) कर. इस्ट्रोजेन थांबलं की हाडांची झीज पुन्हा सुरू होते. योनीत लावायची क्रीम मात्र थांबवायची गरज नव्हती, ती रक्तात फारशी उतरत नाही.

अंगातून येणाऱ्या गरम वाफा पहिल्याच आठवड्यात जातील असं धरू नकोस. दोन-चार आठवड्यांत फरक कळतो, पुरता गुण यायला तीन महिने लागतात. तेवढ्यात मात्रा वाढवत सुटू नये.

या औषधांनी कॅन्सर होतो असं जाऊबाई म्हणतात ते 2002 च्या अमेरिकन अभ्यासावरून. त्यातल्या बायका सरासरी 63 वर्षांच्या, औषध वेगळं, आणि तरीही वर्षाला दहा हजारांत 30 च्या जागी 38 जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. धोका खोटा नाही, पण केवढा ते बघून घ्यावं. तू 51 ची, पाळी जाऊन दोनच वर्षं झालीत. हाच खंड वाढत साठीपर्यंत गेला असता तर मी "सुरू कर" म्हटलं नसतं.

पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतील. नेमके गौरीत लागले तर शेजारणीकडच्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊ नकोस. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनच होतो, आणि तुझा पाय नुकताच सुटलाय. गौरीचा ओवसा यंदा जावेला भरू दे. सहा महिन्यांनंतरही डाग राहिले, किंवा मध्येच जास्त गेलं, तर सोनोग्राफी करून रिपोर्टचा फोटो मला पाठव.

तुझी आई