गृहमंत्री महोदय, ही जमावबंदी संपते कधी?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची, पंचवटीत राहते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या अकरा जणी पाण्याची तक्रार घेऊन एका कार्यालयाच्या फाटकाबाहेर उभ्या होतो. हातात पुठ्ठ्याचे फलक होते, घोषणा नव्हत्या, रस्ता मोकळा होता. थोड्या वेळानं एक हवालदार आले. "ताई, जमावबंदी आहे. पाच जणांना एकत्र थांबता येत नाही." का लावली आहे, असं मी विचारलं. ते क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, "ती असतेच." आम्ही घरी आलो. त्या हवालदारांवर माझा राग नाही. हे पत्र त्या 'असतेच'बद्दल आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली जमाव आणि मिरवणुकांना मनाई करता येते. पण सुव्यवस्थेसाठी गरज असेल तेव्हा आणि असेल तितकेच दिवस. पंधरा दिवसांपुढे मनाई न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी लागते. राज्यातल्या अनेक शहरांत मात्र एक आदेश संपतो आणि जवळपास त्याच मजकुराचा दुसरा निघतो. कारणं ठरलेली: आगामी सण, जयंत्या, आणि मोर्चे-निदर्शनं होण्याची शक्यता. सण नाही असा पंधरवडा आपल्या पंचांगात सापडायचा नाही. आणि लोक निदर्शनं करतील म्हणून निदर्शनांना बंदी, याला कारण कसं म्हणायचं? राज्यघटनेच्या कलम १९ नं शांततेनं, विनाशस्त्र एकत्र येण्याचा हक्क दिला. तो कुणी वापरेल एवढ्यावरच काढून घेता आला, तर तो हक्क उरलाच कुठे?

याच दिवसांत चौकात वाढदिवसाचे केक कापले जातात, पन्नास पोरं जमतात. त्यांना कुणी हटकत नाही, हटकूही नये. पण सगळेच रोज मोडतात असा नियम कायम ठेवला, की कुणाला उठवायचं हे ज्याच्या हाती काठी तो ठरवतो. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे.

सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरमधल्या निर्बंधांच्या खटल्यात सांगितलं, की असे आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर ठरेल आणि आदेश लोकांना पाहायला मिळाले पाहिजेत. तो निकाल फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ बद्दल होता, हे मला ठाऊक आहे. पण तिथला तर्क कलम ३७ ला लागू का पडू नये?

गर्दीची भीती नाशिकला शिकवावी लागत नाही. २००३ च्या सिंहस्थात इथे चेंगराचेंगरीत माणसं गेली. पुढच्या सिंहस्थात मार्ग आखा, वेळा ठरवा, बॅरिकेड लावा, आम्ही पाळू. ते नियमन झालं. फाटकाबाहेर फलक धरलेल्या अकरा बायकांना घरी पाठवणं हे नियमन नव्हे.

आणि हे शहर जमावातूनही घडलं आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी, त्यांत कितीतरी आदिवासी बाया, इथूनच मुंबईला पायी निघाले. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीत चालून संपवला. टाचा फाटलेल्या माणसांना एवढी समज होती. अशा लोकांवर आधीच अविश्वास कशाला?

माझं मागणं एवढंच. यापुढे प्रत्येक मनाई आदेशात ठिकाण आणि त्या वेळचं नेमकं कारण लिहिलेलं असावं. आदेश पोलीस ठाण्याच्या फलकावर मराठीत लागावा. मुदत संपल्यावर नवा काढायचा असेल, तर मधल्या काळात काय घडलं म्हणून काढतो, ते त्यात नोंदवावं. आणि कुणाला उठवायचं असेल, तर हवालदारांनी आधी तो कागद दाखवावा.

उत्तराची वाट पाहते. पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, त्यामुळे आम्ही पुन्हा तिथे उभ्या राहणार आहोत.

कळावे,
पंचवटीतील एक नागरिक, नाशिक