थॉमसचं पुस्तक नुसतं खोटं म्हणून बाजूला टाकू नका

संपादक महोदय,

बायबलमधे न घेतलेले प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांच्या, नावाचे ग्रंथ म्हणजे सगळ्या भाकडकथा, असं सरसकट बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही. येशूचा शिष्य थॉमस याच्यावरचा ‘थॉमसची कृत्ये’ हा ग्रंथ घ्या, तिसऱ्या शतकात बहुतेक एडेसा (आजच्या तुर्कस्तानात) भागात सीरियाक या जुन्या भाषेत लिहिलेला. त्यात कोणत्या शिष्याने कुठल्या देशात धर्मप्रसाराला जायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्यावर थॉमसच्या वाट्याला भारत येतो, तो जायला नाही म्हणतो, मग येशू स्वतःच त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो, आणि इकडे आल्यावर राजवाडा बांधायला राजाने दिलेला पैसा थॉमस सरळ गोरगरिबांना वाटून टाकतो आणि म्हणतो राजवाडा स्वर्गात तयार आहे!

या राजाचं नाव गुंडाफर. आता हे नावही काल्पनिकच वाटेल ना, पण 19व्या शतकात वायव्य भारत आणि अफगाणिस्तानात गोंडोफारेस (म्हणजे हाच गुंडाफर) राजाची नाणी ओळखली गेली, आजच्या पाकिस्तानातल्या तख्त-ई-बाहीला त्याचा शिलालेखही मिळाला, आणि काळही पहिल्या शतकाचाच निघाला. यावरून थॉमस खरंच आला होता हे सिद्ध होत नाही, तेवढं मान्य. पण सुमारे दोनशे वर्षांनी लिहिणाऱ्याला हे नाव माहीत होतं, म्हणजे व्यापारी रस्त्यांवरून आठवणी पोचत होत्या. आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकात याला निदान एक परिच्छेद तरी मिळायलाच हवा.

– एक वाचक, वसई