सोलार दुरुस्त करणाऱ्या भाऊंचे जाहीर आभार

भाऊ, नमस्कार. तुमचं नाव इथं टाकत नाही, पण लातुरात औसा रोडला मागच्या आठवड्यात ज्या गच्चीवर तुम्ही चढला होतात अन खाली एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती ते घर आमचं. त्या दिवशी नीट आभार मानायचे राहिले, तुम्ही चहाला पण थांबला नाहीत.

महिना झाला होता ओ. सोलारच्या टाकीत पाणी कढत अन बाथरूमच्या नळाला घोटभर गरम येऊन मग नुसती हवा. आईचं वय ७६, गुडघे धरलेले, ऐन थंडीत रोज पहाटे गॅसवर पातेलं ठेवून मी बादली नेऊन द्यायचो. तुमच्या आधी तिघं येऊन गेले. एकानं अंगणातूनच वर बघून ट्यूब गेल्यात म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं बोअरच्या पाण्याचे क्षार काढतो म्हणून पैसे घेतले, तिसरा तर सरळ म्हणला नवीनच बसवा. आई प्रत्येकाला सांगायची की बाबा नळात गुडगुड आवाज येतो, अन प्रत्येकजण हो आजी हो आजी करून माझ्याकडं वळायचा. पैसे गेले त्यापेक्षा याचा राग जास्त आहे. मी तरी तिचं कुठं ऐकलं होतं.

तुम्ही पिशवीतून पाना काढायच्या आधी तिच्या खुर्चीजवळ उकिडवं बसलात अन विचारलंत, आजी आवाज कवा येतो, रोज का कधीमधी? आई म्हणली, टाकी रिकामी होऊन परत भरली की लै येतो. बस, तेवढ्यावर तुम्ही उठलात अन नळाला कान लावला. महिनाभरात तिला कुणी प्रश्न विचारला तो हा पहिला.

गच्चीवर पाइपाला हात लावत लावत गेलात, टाकीजवळ चटका बसत होता अन कठड्याच्या पलीकडं थंडगार. ट्यूब चांगल्या, टाकी चांगली, पाइप तेवढा कठड्यावरनं कमानीसारखा चढवून खाली सोडलेला. आपल्याकडं नळाला पाणी कधी आठ दिवसाला कधी दहा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव हे, टाकी रिकामी पडणारच, अन पडली की हवा पाइपात शिरून कमानीत अडकते. सोलारला पंप-बिंप नसतो, पाणी फक्त टाकीच्या उंचीच्या जोरावर येतं, ती हवा त्याला ढकलवत नाही. तुम्ही तिथं हवा निघायला उभा पाइप लावलात, वरच्या टाकीपेक्षा उंच, अन तासाभरात नळ धो धो.

खाली उतरून आईला म्हणलात, आजी, बिघाड तुम्हीच वळखला होता. भाऊ, ती आठवडा झाला हे वाक्य शेजारणीला, फोनवर मावशीला, दूधवाल्याला सांगतीय. कारागीर लै भेटतील, पण म्हाताऱ्या माणसाचं बोलणं खरं धरून कामाला लागणारा माणूस मी तर पहिल्यांदाच बघितला.

वेळ अमावस्येला आमच्या शेतात या, घरच्यांना घेऊन या. भज्जी अन आंबील आई स्वतः करणार म्हणतीय, अन तुमच्यासाठी उंडे वेगळे काढून ठेवणार आहे.